दोऱ्याचे अंतर आणि वाऱ्याचे अंतर

मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. हा आकडा बरोबर आहे, साध्या गणिताने तो कोणालाही पडताळून पाहता येतो, आणि तरीही मुंबईहून सुटलेले विमान नेमके तेवढीच वाट कापून न्यूयॉर्कला उतरले असे जवळजवळ कधीच घडत नाही. जाताना सोळाएक तास लागतात आणि येताना चौदा. एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले की काल जवळ असलेले शहर आज दूर जाते. दोन दूरच्या शहरांमधील अंतराला म्हणूनच दोन रूपे असतात. एक पृथ्वीच्या गोलाईने कायमचे ठरवून दिलेले आणि दुसरे वारा, इंधन व राज्यसत्ता यांनी दररोज नव्याने ठरवलेले. आणि पहिले नीट उमजल्याशिवाय दुसऱ्यातील खाचाखोचा कळत नाहीत.

पहिले अंतर समजून घेण्यासाठी शाळेतील पृथ्वीगोल आणि हातभर दोरा एवढी सामग्री पुरते. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर टेकवावे आणि दोरा ताणून गोलावर जिथे आपोआप बसेल तिथे बसू द्यावा. भिंतीवरचा नकाशा पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना वाटते की दोरा अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघेल, अरबस्तान, इजिप्त आणि सहारा ओलांडून अटलांटिकवर येईल. तो तसा जात नाही. ताणलेला दोरा मुंबईहून खंबातच्या आखाताकडे, म्हणजे जवळपास उत्तरेलाच निघतो, सौराष्ट्र आणि कच्छचे रण ओलांडून सिंधमध्ये शिरतो, क्वेट्टा आणि कंदहार यांच्या जवळून तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात उतरतो, कॅस्पियन समुद्राच्या ईशान्य टोकाजवळून जात व्होल्गा नदी पार करतो आणि थेट मॉस्कोच्या माथ्यावर येतो. तिथून तो हेलसिंकी आणि नॉर्वेतील ट्राँडहाइम यांच्या जवळून समुद्रावर येतो, आइसलँडच्या राजधानीला, रेक्याविकला, जवळजवळ स्पर्श करतो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला घसटून कॅनडातील लॅब्राडॉरमध्ये शिरतो आणि अखेरीस ईशान्येकडून खाली न्यूयॉर्कवर उतरतो. या वाटेवरचा सर्वांत उत्तरेकडील बिंदू साधारण ६४.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अलीकडे फक्त दोनशे किलोमीटरांवर असतो. मुंबईच्या दमट हवेतून निघून न्यूयॉर्कला पोहोचण्याची सर्वांत जवळची वाट ध्रुवप्रदेशाच्या उंबरठ्यावरून जाते, ही गोष्ट गोलावर दोरा ठेवून पाहिल्याखेरीज पटत नाही.

ताणलेल्या दोऱ्याच्या या वाटेला गणितात बृहद्वृत्त म्हणतात. कलिंगड बरोबर मधून, म्हणजे त्याच्या केंद्रातून सुरी जाईल असे कापले, तर सालीवर उमटणारे वर्तुळ त्या कलिंगडावर काढता येणाऱ्या वर्तुळांपैकी सर्वांत मोठे असते. सुरी बाजूने घातली तर मिळणारी चकती त्याहून लहान असते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारा असा काप मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन्ही बिंदूंतून जाईल अशा रीतीने कल्पिला, की पृष्ठभागावर उमटणारे वर्तुळ म्हणजे या दोन शहरांचे बृहद्वृत्त, आणि त्या वर्तुळाचा धाकटा तुकडा म्हणजे दोघांमधील सर्वांत कमी अंतर. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, प्रत्येक रेखावृत्त त्याच्या समोरच्या रेखावृत्तासह बृहद्वृत्त बनते. परंतु विषुववृत्त सोडून इतर कोणतेही अक्षवृत्त बृहद्वृत्त नसते, आणि नकाशा पाहणाऱ्याची फसगत नेमकी येथे होते, कारण नकाशावर अक्षवृत्ते सरळ दिसतात आणि सरळ दिसणारी रेषाच सर्वांत जवळची, असे मनाने धरलेले असते.

या समजुतीचे मूळ १५६९ साली गेरार्डस मर्केटर याने तयार केलेल्या नकाशात आहे. तो नकाशा दर्यावर्दी लोकांसाठी होता, आणि त्यांची गरज वेगळी होती. होकायंत्राचा काटा एकाच कोनावर ठेवून जहाज हाकले तर ते जी वाट चालते ती नकाशावर सरळ रेषा म्हणून उमटावी, एवढीच त्यांची मागणी होती. ही एकदिश वाट, म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत दिशा न बदलणारी वाट, मर्केटरच्या नकाशावर खरोखरच सरळ उमटते, पण त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश नकाशावर अफाट फुगतात. त्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीचे भासते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे, इतकेच नव्हे तर सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटरांचे ग्रीनलँड ३२.९ लाख चौरस किलोमीटरांच्या भारतापेक्षाही लहान आहे. उत्तरेकडचा भाग असा ताणला गेल्यामुळे उत्तरेवरून जाणारी जवळची वाट नकाशावर लांबलचक कमान बनून दिसते. मुंबईहून न्यूयॉर्कला एकदिश वाटेने जायचे ठरवले तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात, म्हणजे कमानीसारख्या दिसणाऱ्या वाटेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटर अधिक. मुंबई ते दुबई हे अंतरही एकोणीसशेच्या घरात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचा आवाका ध्यानात येतो.

आसनासमोरच्या पडद्यावर विमानाची वाट वाकडी दिसते तेव्हा वैमानिक वळण घेत आहे असे प्रवाशाला वाटते, परंतु दोऱ्याच्या वाटेवर विमान कोठेही वळत नाही. ते सरळच जात असते. बदलते ती उत्तर दिशेशी असलेली त्याची सांगड. मुंबई सोडताना विमानाचे नाक उत्तरेपासून पश्चिमेकडे सत्तावीस अंश कललेले असते, आइसलँडच्या अलीकडे ते नेमके पश्चिमेला असते आणि न्यूयॉर्कला पोहोचताना नैऋत्येला. एकाच सरळ वाटेवर चालताना होकायंत्राचा काटा असा एकशे एकोणीस अंशांनी फिरतो.

अंतर मोजण्याची रीतही याच वर्तुळातून निघते. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन बिंदूंपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत दोन रेषा कल्पिल्या तर त्यांच्यात होणारा कोन सुमारे ११२.७ अंशांचा असतो. पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना जर सुमारे चाळीस हजार किलोमीटर, तर ११२.७ अंशांना किती, एवढे त्रैराशिक मांडले की अंतर मिळते. वैमानिक आणि खलाशी अजूनही किलोमीटर न वापरता सागरी मैल वापरतात त्याचे कारणही हेच. सागरी मैल म्हणजे बृहद्वृत्तावरील एका कलेचे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचे अंतर, आज १.८५२ किलोमीटर असे ठरवून दिलेले, त्यामुळे केंद्रकोनाला साठाने गुणले की सागरी मैलांतील अंतर तयार असते. ११२.७ गुणिले ६० म्हणजे ६,७६२ सागरी मैल.

हा कोन काढण्यासाठी दोन्ही शहरांचे अक्षांश व रेखांश आणि कोनांच्या ‘ज्या’ लागतात, आणि ‘ज्या’ या शब्दाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असे आहे. धनुष्याच्या दोरीवरून आलेली ही संज्ञा भारतीय ज्योतिषग्रंथांतून अरबीत गेली तेव्हा ‘जीवा’ या तिच्या पर्यायाचे अरबीत ‘जीब’ झाले, स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी किंवा खोळ, असा वाचला गेला, आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला. आजचा ‘साइन’ तो हाच. अंतर मोजणाऱ्या संगणकप्रणाली सर्रास वापरतात ते हॅव्हरसाइन सूत्रही उत्क्रमज्या या जुन्या राशीच्या अर्ध्यावरच उभे आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली पुऱ्या केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने दिला आहे आणि तो काढण्याची रीत अशी की, दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गावांच्या अक्षांशांतील फरक आणि त्यांच्यामधील योजनांचे अंतर घेऊन त्रैराशिक मांडावे. दोन गावांच्या अंतरावरून सबंध पृथ्वी मोजण्याची ही उलटी वाट आहे. आज पृथ्वीचे माप पक्के असल्यामुळे त्याच गणिताने गावांमधील अंतर काढले जाते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ उभारल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. गोलावरील गणित हा विषय महाराष्ट्राच्या मातीला परका नाही, याची ती दगडी साक्ष आहे.

पृथ्वी मात्र हुबेहूब गोल नाही. फिरण्यामुळे ती विषुववृत्तापाशी किंचित फुगली आहे. केंद्रापासून विषुववृत्तापर्यंत ६,३७८ किलोमीटर तर ध्रुवापर्यंत ६,३५७, असा एकवीस किलोमीटरांचा फरक आहे. त्याचा हिशेब धरणारी सूत्रे वेगळी आहेत, आणि मुंबई–न्यूयॉर्कच्या बाबतीत दोन्ही रीतींच्या उत्तरांत दहा-वीस किलोमीटरांचे अंतर पडते. जवळपास तेवढाच फरक शहराचा बिंदू कोणता धरावा यानेही पडतो. हवाई अंतर शहराच्या मध्यापासून न धरता विमानतळाच्या नेमून दिलेल्या संदर्भबिंदूपासून धरतात. मुंबईत तो आजवर सहारच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून मोजले तर न्यूयॉर्क वीसएक किलोमीटरांनी लांबते. पलीकडेही जॉन एफ. केनेडी विमानतळ आणि न्यू जर्सी राज्यातील नेवार्क यांच्यात सरळ रेषेत तेहतीस किलोमीटर आहेत.

आता एक बाब अशी, की ती प्रथम ऐकताना चुकीची वाटते. लंडन हे शहर मुंबई–न्यूयॉर्क दोऱ्यापासून चौदाशे किलोमीटरांहून अधिक दक्षिणेला आहे. इतका आडवा थांबा घेतल्यास प्रवास किती लांबेल याचा अंदाज करायला सांगितले तर बहुतेक जण हजारभर किलोमीटर तरी सांगतील. प्रत्यक्षात मुंबई ते लंडन ७,२१० आणि लंडन ते न्यूयॉर्क ५,५४० किलोमीटर, म्हणजे एकूण १२,७५० किलोमीटर होतात. वाढ अवघी दोनशेच्या आसपास. दुबईमार्गे गेले तरी चारशेएक किलोमीटरच वाढतात. याचे कारण पृथ्वीच्या गोलाईत आहे. दोन शहरे जितकी दूर, तितके त्यांच्यामधील आडवळण स्वस्त. मुंबईच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, प्रशांत महासागरात ईस्टर बेटाच्या उत्तरेला जो बिंदू आहे तिथे जायचे झाले तर मुंबईहून कोणत्याही दिशेने निघाले तरी वाट सारखीच, सुमारे वीस हजार किलोमीटर पडते. तेथे आडवाट नावाची गोष्टच उरत नाही. न्यूयॉर्क त्या टोकाला नसले तरी अर्ध्या वाटेच्या पुष्कळ पलीकडे आहे, म्हणून त्याच्याकडे जाताना आडवळणाचा दंड थोडा बसतो. पुणे ते नागपूर जाताना चौदाशे किलोमीटर बाजूला जाऊन यायचे म्हटले तर प्रवास कित्येक पटींनी वाढेल. न्यूयॉर्कच्या बाबतीत तेच आडवळण दोन टक्क्यांच्या आत सामावते.

मुंबई आणि अमेरिका यांच्यामध्ये लंडन इतकी वर्षे ठाण मांडून का बसले, याचे निम्मे उत्तर या गणितात आहे आणि उरलेले निम्मे विमानांच्या ताकदीत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. बारा वर्षांनी, मे १९६० मध्ये, बोइंग ७०७ या जेट विमानांनी ही सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत वाढवली. त्या काळी दोऱ्याची वाट दोन कारणांनी बंद होती. एका दमात एवढे अंतर तोडण्याइतके इंधन त्या विमानांच्या टाक्यांत मावत नव्हते, आणि मॉस्कोवरून जाणारे आकाश सोव्हिएत संघाच्या ताब्यात होते. न थांबता मुंबई–न्यूयॉर्क उड्डाणे सुरू व्हायला २००६–०७ उजाडावे लागले. १९४८ पासून साठ वर्षांच्या आत हा बदल घडला, आणि त्यामागे इंजिनांच्या कार्यक्षमतेचा जितका वाटा आहे तितकाच शीतयुद्ध संपल्याचाही आहे.

वाट मोकळी असली तरी वारा असतोच. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि अतिवेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंधातील तापलेली हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातील तफावत आणि पृथ्वीचे फिरणे या दोहोंतून ते निर्माण होतात, हिवाळ्यात ही तफावत वाढते म्हणून ते बळावतात, आणि त्यांचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरांपर्यंत सहज जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली होती, परंतु त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या जागतिक म्हणून रचलेल्या भाषेत प्रसिद्ध केला आणि जगाने तो वाचलाच नाही. सर्वांना कळावे म्हणून निवडलेल्या भाषेमुळेच एक मोठा शोध अंधारात राहिला, ही विज्ञानाच्या इतिहासातील चटका लावणारी घटना आहे.

विमानाचा वेग हा हवेच्या सापेक्ष असतो, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. प्रवाहाविरुद्ध होडी वल्हवणारा नावाडी पाण्यातून जितके अंतर कापतो त्यापेक्षा काठाच्या हिशेबाने कमी पुढे सरकतो, तसेच विमानाचे आहे. उदाहरणादाखल १२,५०० किलोमीटरांची वाट, हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि सबंध वाटेवर सरासरी ताशी ६० किलोमीटरांचा समोरचा वारा असे धरले, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८४० राहतो आणि प्रवासाला सुमारे १४.९ तास लागतात. तेवढ्या वेळात विमानाने हवेतून मात्र १३,४०० किलोमीटर कापलेले असतात. तोच वारा परतीच्या वाटेवर पाठीशी आला की वेळ तेरा तासांवर येतो आणि हवेतील अंतर ११,७०० किलोमीटरांवर. जमिनीवर एकच असलेले अंतर हवेत जाताना आणि येताना सतराशे किलोमीटरांनी वेगळे पडते. इंजिने इंधन जाळतात ती या दुसऱ्या अंतरासाठी, म्हणून उड्डाणाची आखणी करणाऱ्याला दोऱ्यापेक्षा वाऱ्याचा नकाशा अधिक महत्त्वाचा असतो. समोरचा वारा टळत असेल तर तो खुशाल तीन-चारशे किलोमीटर लांबची वाट निवडतो आणि तरीही लवकर पोहोचतो. अटलांटिकवर तर या वाऱ्यांकडे पाहून कॅनडा आणि ब्रिटन–आयर्लंडची नियंत्रण केंद्रे दिवसातून दोनदा हवाई वाटा नव्याने आखत आली आहेत, पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळ्या आणि पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळ्या.

उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती येणाऱ्या आराखड्यात हे सारे इंधनाच्या ओळींत उतरलेले असते. प्रत्यक्ष प्रवासाचे इंधन, त्यावर अंदाज चुकल्यास साधारण पाच टक्के, मुक्कामाचा विमानतळ बंद झाल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे, तिथे पोहोचल्यावरही हवेत अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे राखीव, आणि धावपट्टीपर्यंत चालत जाण्याचे, अशा क्रमाने बेरीज होत जाते. बोइंग ७७७-३००ईआर या, मुंबई–न्यूयॉर्कसारख्या लांब पल्ल्यावर वापरल्या जाणाऱ्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर, म्हणजे १४५ टन इंधन मावते, आणि उड्डाणाच्या वेळी त्याचे एकूण वजन जास्तीत जास्त ३५१ टन चालते. याचा अर्थ भरल्या विमानाच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग नुसत्या इंधनाचा असू शकतो. तासाला सात-आठ टन इंधन जळते. लांब पल्ल्याचा खरा पेच असा, की इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच लागते. जादा घेतलेल्या इंधनापैकी ढोबळमानाने तीन ते चार टक्के दर तासाला ते इंधन पेलण्यातच खर्च होते, त्यामुळे पंधरा-सोळा तासांच्या प्रवासाच्या अखेरीस एक टन हाती उरावे असे वाटत असेल तर निघताना पावणेदोन-दोन टन जादा चढवावे लागतात, आणि त्यासाठी कधी मालाच्या पेट्या तर कधी काही आसने रिकामी ठेवावी लागतात. दोनशे किलोमीटरांचे आडवळण कागदावर क्षुल्लक असले तरी या टोकाला आलेल्या हिशेबात त्याची किंमत मोजावीच लागते.

वाऱ्याशी जुळवून घेता येते, सीमांशी येईलच असे नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातील पहिलेच कलम असे सांगते की, प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सत्ता असते. मुंबईहून निघालेला दोरा सिंध, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया आणि उत्तर युरोप यांच्यावरून जातो. गेल्या काही वर्षांत यांपैकी निम्म्या आकाशावर या ना त्या कारणाने संकट आले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैच्या मध्यात उघडले. ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणिस्तानच्या आकाशात विमानांना मार्गदर्शन करणारी नियंत्रण व्यवस्था उरली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले. आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला.

या शेवटच्या बंदीत भूगोलाचे एक अजब रूप दिसले. दिल्ली ते न्यूयॉर्क हे दोऱ्याचे अंतर ११,७५० किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा पावणेआठशे किलोमीटरांनी कमी आहे. पाकिस्तान टाळण्यासाठी दोन्ही शहरांची विमाने मस्कतजवळून जातात असे धरून हिशेब केला, तर मुंबईची वाट चारशे किलोमीटरांच्या आतच वाढून १२,९०० वर येते, कारण मुंबईच्या दारातच अरबी समुद्र आहे. दिल्लीची वाट मात्र आधी नैऋत्येला समुद्रापर्यंत उतरावे लागल्यामुळे पंधराशे किलोमीटरांनी वाढून १३,२०० च्या पुढे जाते. जे शहर काल न्यूयॉर्कला जवळ होते ते आज मुंबईपेक्षा दूर झाले. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना त्यानंतर युरोपात इंधनासाठी उतरावे लागले, ते यामुळेच.

दोन इंजिनांच्या विमानांवर आणखी एक बंधन असते. एक इंजिन बंद पडले तर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेवर सतत असला पाहिजे. १९८५ मध्ये ही मुदत १२० मिनिटांपर्यंत वाढवली गेली आणि पुढे १८० मिनिटांपर्यंत गेली. आइसलँडचे केफ्लाविक, लॅब्राडॉरचे गूज बे आणि न्यूफाउंडलँडचे गँडर हे विमानतळ या वाटेवर त्यासाठी डोळ्यांत तेल घालून जागे असतात.

प्रत्यक्षात फारसे कोणी उडत नाही ते दोऱ्याचे अंतर मग निरुपयोगी ठरते काय, तर तसे नाही. उड्डाण रद्द झाल्यास किंवा फार लांबल्यास प्रवाशाला द्यायच्या भरपाईचे युरोपीय संघाचे २००४ चे नियम अंतरानुसार टप्पे ठरवतात आणि ते अंतर बृहद्वृत्तावरच मोजावे असे बजावतात, कारण कंपनीने कोणती वाट घेतली यावर प्रवाशाचा हक्क अवलंबून राहू नये. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन-मोजणीच्या पद्धतीतही आधी दोऱ्याचे अंतर घेतात आणि वळसे व घिरट्या यांच्यापोटी त्यात लांब पल्ल्यासाठी १२५ किलोमीटर मिळवतात. वाटा बदलत राहतात म्हणूनच न बदलणाऱ्या मापाची गरज असते.

हिवाळ्यात मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीड वाजता निघालेला प्रवासी सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरतो तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात, कारण न्यूयॉर्क मुंबईच्या साडेदहा तास मागे आहे. न्यू जर्सीतील मुलांकडे सहा महिने राहून परतणारे आईवडील तिथून दुपारी बाराला निघाले तर पाठीशी वारा घेऊन चौदा तासांत, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला, मुंबईत असतात. दोऱ्याचे टोक सहारला संपते, पण विमान तिथे सरळ उतरत नाही. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम असून समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला सामोरे राहून उतरण्यासाठी बहुतेक विमाने पूर्वेकडून खाली येतात. म्हणून वायव्येकडून आलेले विमान विमानतळाला वळसा घालून पलीकडे जाते, तिथून माघारी फिरते आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या घरांवरून, पुन्हा एकदा पश्चिमेला तोंड करून, धावपट्टीवर टेकते.